क्रीटला जायचंय, ९ रात्री, सोबत आई आणि लेक. सल्ला हवाय

पोळीचा_लाडू

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय तेव्हा सांभाळून घ्या.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ग्रीसला जायचं जवळजवळ ठरलंय, एकूण ९ रात्री हातात आहेत. आम्ही दोघं, लेक ९ वर्षांची (हो, शाळा बुडवणार आहे, त्यावर प्रवचन नको प्लीज) आणि माझी आई, वय ६८. आईचा उजवा गुडघा कुरकुरतो, सपाटीवर तासभर आरामात चालते पण पायऱ्या म्हटलं की चेहरा पडतो. शिवाय ती पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. लेकीला समुद्र सोडून दुसरं काही नकोय, नवऱ्याला जुने दगड बघायचेत, मला कुणीतरी आयतं जेवायला वाढलं तरी चालेल.

सध्याचा प्लॅन असा: अथेन्स २ रात्री, मिकोनोस २, सँटोरिनी २, क्रीट ३. फेरीची वेळापत्रकं बघून डोकं गरगरायला लागलंय. जमेल का हे? आणि क्रीटमध्ये ३ दिवसांत काय काय बघून होईल? गाडी घ्यावी का?

नकाशावाला

जमेल, पण मग परत आल्यावर आठवणीत राहतील ती फक्त बंदरं आणि बॅगांची चाकं.

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका, हे भोज्ज्याला शिवून येणं झालं. ९ रात्रींत ४ मुक्काम म्हणजे प्रत्येक बदलात अर्धा दिवस आवराआवरी, बंदरावर वाट बघणं आणि नवीन खोली शोधणं यात जातो, त्यात सोबत गुडघेवाली आई. त्यात सँटोरिनी म्हणजे कड्यावर वसलेली गावं, ते जे पांढऱ्या घरांचे फोटो तुम्ही बघितलेत ना, त्या दोन घरांमध्ये पायऱ्याच आहेत. आईंना तिथे हॉटेलच्या गच्चीवर बसवून तुम्ही फिरणार का?

क्रीटचा आकार लोकांच्या लक्षातच येत नाही. भूमध्य समुद्रातलं पाचव्या नंबरचं मोठं बेट आहे ते, सिसिली, सार्डिनिया, सायप्रस, कॉर्सिका आणि मग हे. पूर्व-पश्चिम साधारण २६० किमी लांब, क्षेत्रफळ ८,३०० चौ. किमीच्या वर, म्हणजे शंभर सँटोरिनी आत टाकल्या तरी जागा उरेल. मधोमध डोंगरांची रांग, सर्वांत उंच प्सिलोरीतिस २,४५६ मीटर. त्यामुळे नकाशावर चार बोटं दिसणारं अंतर घाटातून दीड तासाचं निघतं. ३ दिवसांत 'क्रीट' बघून होत नाही, क्रीटचा एक कोपरा बघून होतो.

माझं मत, मिकोनोस आणि सँटोरिनी दोन्ही काढा, अथेन्स एक रात्र ठेवा, बाकी ८ रात्री क्रीट. एक ना धड भाराभर चिंध्या करू नका.

गोगलगाय

नकाशावाल्यांना अनुमोदन. आम्ही दोन वर्षांपूर्वी १० दिवस फक्त पश्चिम क्रीटमध्ये होतो आणि तरीही बऱ्याच जागा राहिल्या. आमचं फिरणं नावासारखंच.

मुक्काम खान्यात (म्हणजे खानिया, पश्चिम क्रीटमधलं किनाऱ्यावरचं शहर) करा. जुनं व्हेनेशियन बंदर, त्याच्या टोकाला दीपगृह, संध्याकाळी सगळं गाव पाण्याच्या कडेने नुसतं फिरत असतं, आजी-आजोबांपासून बाबागाडीतल्या पोरापर्यंत. पण एक सांगते, जुन्या गावाच्या आत हॉटेल घेऊ नका. दिसायला सुंदर असतात, जुनी व्हेनेशियन घरं, लाकडी जिने, पण लिफ्ट बहुतेक ठिकाणी नसते, गल्ल्यांमध्ये गाडी जात नाही आणि बॅगा फरशीवरून खडखड करत न्याव्या लागतात. त्याऐवजी नेआ होरा बघा, जुन्या बंदरापासून पश्चिमेला सपाटीवरून १०-१५ मिनिटं चालत, समोरच छोटा वाळूचा बीच, त्यालगत खानावळी. आई पाण्याजवळ बसून राहील, लेक पाण्यात, तुम्ही खुर्चीत.

लेकीसाठी एलाफोनीसी नक्की. गुडघाभर पाणी लांबपर्यंत, पलीकडच्या छोट्या बेटावर पाण्यातून चालत जाता येतं, वाळूत शंखशिंपल्यांचा बारीक चुरा मिसळून काही ठिकाणी गुलाबी झाक असते. झाक म्हटलंय हं, फोटोत दाखवतात तसा स्ट्रॉबेरी मिल्कशेक नसतो, लेकीला आधीच सांगून ठेवा नाहीतर भोकाड पसरेल. वाळू बाटलीत भरून आणायला बंदी आहे. खान्याहून दीड तास लागतो, वाटेत तोपोलियाची घळ, रस्ता भरपूर वळणांचा तेव्हा गाडी लागत असेल तर सकाळी पोट भरून निघू नका. आणि लवकर निघा, ११ नंतर पार्किंगमध्ये जत्रा असते.

बालोसला मात्र गाडीने नका जाऊ. वरून दिसणारा तो निळा-हिरवा लगून, तो वरूनच दिसतो कारण गाडी डोंगरावर ठेवावी लागते आणि खाली उतरायला लांबलचक पायऱ्या. उतरणं एक वेळ ठीक, पण भर दुपारी परत चढणं गुडघेवाल्यांचं काम नाही. किसामोसच्या बंदरातून बोट जाते, ती ग्राम्वूसाच्या किल्ल्यापाशी थांबते आणि मग बालोसला. किल्ला चढायचा आहे त्यांनी चढावा, आईंनी खाली पाण्यात पाय सोडून बसावं.

सप्टेंबरअखेर अगदी बरोबर निवडलाय. समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो, मे महिन्यापेक्षा पाणी बरंच उबदार, आणि जुलै-ऑगस्टमध्ये जो उत्तरेचा मेल्तेमी वारा पिसाळतो तो तोवर बराच शांत झालेला असतो.

खादाडखाऊ

आईंच्या जेवणाबद्दल कुणीच काही लिहिलं नाही म्हणून हा प्रतिसाद, मोठा होणार आहे, चहा घेऊन बसा.

शाकाहारी माणसाला युरोपात जर कुठे खरंच जेवल्यासारखं वाटत असेल तर ते क्रीटमध्ये. कारण तिथे भाज्या-कडधान्यं ही 'बाजूला ठेवायची' वस्तू नाही, मुख्य जेवण आहे. ऑर्थोडॉक्स चर्चचे उपास वर्षात निम्म्याच्या आसपास दिवस असतात आणि त्या दिवसांत मांस, अंडी, दूध बंद, त्यामुळे पिढ्यान् पिढ्या या लोकांनी ऑलिव्ह तेलात भाज्या शिजवण्याची कला पार टोकाला नेलीये. अशा भाज्यांना 'लादेरा' म्हणतात, म्हणजे तेलातल्या. आईंना सांगा, भेंडी मिळते! तिला 'बाम्येस' म्हणतात, टोमॅटोत शिजवलेली. घेवड्याच्या शेंगा (फासोलाक्या), मोठे पांढरे पावटे टोमॅटोच्या रसात (यीगांतेस), छोले (रेवीथ्या), वांगं-बटाटा-झुकिनी एकत्र भाजलेलं ब्रियाम. 'होर्ता' म्हणजे उकडलेल्या रानभाज्या, वर लिंबू आणि तेल, त्यात 'स्तामनागाथी' नावाची कडसर भाजी मिळाली तर सोडू नका. भोपळ्याच्या फुलांत भात भरून करतात तेही.

'दाकोस' तर रोज खा. जवाचा कडक टोस्ट, त्यावर किसलेला टोमॅटो, मिझीथ्रा चीज, ऑलिव्ह तेल. खान्यात 'बुरेकी' म्हणून झुकिनी-बटाटा-मिझीथ्राचा थर लावलेला प्रकार मिळतो, मला सगळ्यात आवडला तो, पण वर पीठाचा थर असेल तर त्यात अंडं आहे का विचारून घ्या.

आता सापळे. भरलेल्या टोमॅटो-मिरच्यांना 'येमिस्ता' म्हणतात, त्यात कधी नुसता भात असतो कधी खिमा. नुसत्या भाताच्या येमिस्ताला म्हणतात 'ओर्फाना', म्हणजे अनाथ! खिमा नाही म्हणून बिचारे पोरके. तेव्हा आईंनी मेनूतले अनाथ शोधायचे. दुसरा सापळा जास्त महत्त्वाचा: 'नीस्तीसिमो' म्हणजे उपासाचं, पण त्यांच्या उपासाला कालवं, माकूल, ऑक्टोपस चालतात कारण त्यांच्यात रक्त नसतं असं मानतात. त्यामुळे नुसतं उपासाचं द्या म्हटलं तर ताटात आठ पायांचा पाहुणा येऊ शकतो. म्हणायचं 'इमे होर्तोफागोस' (मी शाकाहारी) आणि वर 'होरीस क्रेआस, होरीस प्सारी' (मांस नको, मासे नको), अंडं नको म्हणायला 'होरीस अव्गो'. तिसरं, 'होह्ली' दिसलं तर पुढे जा, त्या गोगलगायी आहेत, रोझमेरी आणि व्हिनेगरमध्ये परतलेल्या. गोगलगायताईंची क्षमा मागून (हलकेच घ्या).

जेवण झालं की न मागता फळं किंवा काहीतरी गोड आणि छोट्या बाटलीतून राकी येते, तिला तिथे त्सिकूद्या पण म्हणतात, द्राक्षं पिळून उरलेल्या चोथ्यापासून काढलेली. घरची असते, फुकट असते, आणि पाण्यासारखी दिसते म्हणून आईंनी चुकून घोट घेऊ नये याची काळजी घ्या.

अवांतर: ग्रीकमध्ये 'हो'ला म्हणतात 'ने', कानाला अगदी आपल्या 'नै'सारखं लागतं. आणि 'नाही'ला 'ओही', जे आपल्याला 'हो की' ऐकू येतं. पहिले दोन दिवस वेटरने भाकरी हवी का विचारलं की मी नै नै म्हणत होतो आणि तो आणून ठेवत होता, मला वाटलं काय आग्रही लोक आहेत.

पोळीचा_लाडू

अरे बापरे, किती पटापट उत्तरं! धन्स सगळ्यांना. अनाथ टोमॅटो वाचून आई हसली, म्हणजे ती आता तयार आहे.

मिकोनोस काढलं. सँटोरिनीवर नवरा अजून अडून बसलाय, म्हणतो क्रीटहून एका दिवसात जाऊन येऊ. आणि गाडीचं सांगा ना कुणीतरी, नवऱ्याने उजव्या बाजूने गाडी कधीच चालवलेली नाही.

तिरपागडा

गाडीचं मी सांगतो, कारण मी शेण खाल्लंय.

आम्ही घेतली छोटी हॅचबॅक, सगळ्यात स्वस्त. काउंटरवरच्या माणसाने फुल इन्शुरन्स फुल इन्शुरन्स असं चारदा म्हटलं, मी कागद न वाचता सही केली. दुसऱ्या दिवशी बालोसच्या कच्च्या रस्त्यावर घातली, शेवटचे काही किलोमीटर डांबर नाहीये, नुसते दगड, आणि एका बाजूला दरी, समोरून एक ओळखीचं नसलेलं बकरं आलं म्हणून मी कडेला घेतली आणि फट्ट. टायर गेला. स्टेपनी म्हणून डिकीत एक डबा निघाला, फोम मारायचा, तो फाटलेल्या टायरला काय करणार कप्पाळ. दोन तास उन्हात. मग कागद वाचला तर 'फुल'मध्ये टायर, काचा आणि गाडीचा खालचा भाग नाही, आणि कच्च्या रस्त्यावर नेली तर तर काहीच नाही. जे पैसे गेले त्यात सगळ्यांना बोटीने बालोस आणि वर जेवण झालं असतं.

तर शिकलो ते असं: कागद वाचा, टायर-काच-तळ वेगळं विचारा, घेताना गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच बुक करा, तिथे बहुतेक गाड्या मॅन्युअल असतात. आपल्या लायसन्सबरोबर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतंच, निघायच्या आधी काढा, तिथे जाऊन मिळत नाही. मोबाईलच्या नकाशाने 'जवळचा रस्ता' दाखवला तर त्याचं ऐकू नका, त्याने मला एकदा ऑलिव्हच्या बागेत नेऊन सोडलं होतं, एक म्हातारे काका शांतपणे खुर्ची टाकून बसलेले, मला बघून त्यांनी नुसता हात केला, रोजचंच असावं.

उत्तर किनाऱ्याचा हायवे बरा आहे पण बऱ्याच ठिकाणी एकच लेन, आणि तिथली रीत अशी की मागून कुणी जोरात आलं की आपण कडेच्या पट्ट्यावर सरकायचं, तो मधून जातो. पहिल्यांदा बघितलं तर धडकी भरते. साहेबांना उजव्या बाजूची सवय नसेल तर पहिला दिवस सपाट आणि जवळची जागा ठेवा, थेट घाटात घालू नका.

एसटीप्रेमी

गाडी हवीच कशाला? केटेलच्या बसेस आहेत (तिथली एसटीच म्हणा), खानिया-रेथिम्नो-हेराक्लिओन मार्गावर दिवसभर सुटतात, हेराक्लिओनला अडीच-तीन तास, एसी, वेळेवर. एलाफोनीसीलाही सीझनमध्ये खान्याहून बस जाते. आम्ही दोघं पूर्ण आठवडा बसने फिरलो. खिडकीत बसून डोंगर बघा, ड्रायव्हरला घाट बघू दे.

(खान्याचं नाव खान्या की खानिया की हानिया यावर भांडण नको, बसच्या पाटीवर ग्रीकमध्ये Χ सारखं अक्षर दिसलं की बसा.)

गोगलगाय

@एसटीप्रेमी दोघं असाल तर ठीक, पण ६८ वर्षांच्या बाईंना परतीच्या एका ठराविक बसपर्यंत उन्हात बीचवर बसवून ठेवायचं, नको वाटतं. मधला मार्ग सुचवते: खान्यात असताना ३ दिवस गाडी, बाकी दिवस गावातच पायी, आणि हेराक्लिओनला जाताना बस. गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडली तर कधीकधी जास्तीचे पैसे लावतात, तेही वाचतील.

गाडीच्या एका दिवशी कुर्नासचं तळं करा, गोड्या पाण्याचं, डोंगराच्या कुशीत, पॅडलबोटी आहेत आणि पाण्यात कासवं दिसतात. लेक आणि आजी दोघी एकाच बोटीत बसतील अशी आख्ख्या ट्रिपमधली ती एकच जागा.

सामारियाची घळ कुणी सुचवली तर आधीच नाही म्हणा. १६ किमी, सुरुवात १,२०० मीटरहून जास्त उंचीवर आणि शेवट समुद्रावर, सगळा उतार दगडांवरून, गुडघ्यांचा पार भुगा होतो. खाली आया रूमेलीला गाडीरस्ताच नाही, तिथून बोटीनेच बाहेर पडायचं. पण साहेबांना घळ बघायचीच असेल तर उलटी युक्ती आहे: होरा स्फाकियोनहून बोटीने आया रूमेलीला यायचं आणि खालूनच 'लोखंडी दरवाजा' म्हणतात त्या अरुंद जागेपर्यंत चालून परत फिरायचं. तिथे दोन्ही बाजूंचे कडे एकमेकांपासून जेमतेम ४ मीटरवर येतात. आई आणि लेक तोवर खाली समुद्रावर.

मातीचे_भांडे

साहेबांच्या दगडांची बाजू घ्यायला आलो. पूर्ण धागाभर बीच आणि भेंडी. ४,००० वर्षांपूर्वीची संस्कृती आहे तिथे हो!

क्नोसोस, म्हणजे मिनोअन संस्कृतीच्या राजवाड्याचे अवशेष, हेराक्लिओनपासून ५ किमीवर, सिटी बस जाते. लोक दोन गटांत वाटले जातात, भारावणारे आणि चिडणारे. आर्थर इव्हान्सने १९०० साली खोदायला सुरुवात केली (त्याच्याही आधी १८७८ मध्ये हेराक्लिओनच्याच मीनोस कालोकेरीनोस नावाच्या माणसाने तिथे खोदून रांजण काढले होते, त्याचं नाव कुणी घेत नाही) आणि मग जे सापडलं त्यावर सिमेंट काँक्रीट ओतून त्याला वाटलं तसा राजवाडा उभा केला. ते वर जाड आणि खाली बारीक लाल खांब तुम्ही फोटोत बघता ते विसाव्या शतकातलं काँक्रीट, मूळचे लाकडी होते. मी चिडणाऱ्यांत होतो. पण माझा पुतण्या, वय १०, त्याला तिथेच सगळं 'दिसलं', आणि नंतर फेस्तोसला नेलं, जिथे काहीच उभं केलेलं नाही, नुसती जोती आणि समोर मेसाराचं मैदान, तर तो म्हणाला काका इथे तर काहीच नाहीये. तेव्हा लेकीसाठी क्नोसोस, साहेबांसाठी फेस्तोस. क्नोसोसला सावली फार कमी, सकाळी उघडताक्षणी जा.

म्युझियम मात्र चुकवू नका, हेराक्लिओनचं पुरातत्त्व संग्रहालय. बैलावरून कोलांटी मारणाऱ्याचं मूळ भित्तिचित्र तिथे आहे, क्नोसोसला नक्कल. फेस्तोसची तबकडी तिथेच, १९०८ मध्ये सापडली, मातीची, साधारण १६ सेंमी व्यासाची, दोन्ही बाजूंनी गोल गोल फिरत जाणारी चिन्हं, शिक्के मारून उमटवलेली, आणि अजून कुणालाही वाचता आलेली नाही. लेकीला सांगा तुला लागतीये का बघ. आणि निळ्या माकडाची गोष्ट सांगा: केशर वेचणारं एक चित्र तुकड्यांतून जुळवलं तेव्हा आधी तो मुलगा आहे असं धरून रंगवला, नंतर लक्षात आलं की अहो हे माकड आहे, शेपटी आहे याला. माझ्या पुतण्याला दोन वर्षांनी विचारलं तर क्रीटमधलं हेच आठवत होतं.

मुक्काम गावात नको असेल तर आर्हानेस बघा, हेराक्लिओनच्या दक्षिणेला, द्राक्षमळ्यांमधलं नीटनेटकं गाव, चौकात झाडाखाली खुर्च्या.

नकाशावाला

सँटोरिनीबद्दल: हेराक्लिओनहून जलद बोट एका बाजूला दोनेक तास. वारा असेल तर बोट रद्द होते किंवा होत नाही आणि मग पिशवी हातात धरून बसावं लागतं. पोहोचल्यावर बंदर खाली, गाव वर, त्यात क्रूझची गर्दी. ४ तासांसाठी तेवढा खटाटोप. साहेबांना म्युझियमचं तिकीट दाखवा, विसरतील.

व्हिसा: सगळे दिवस ग्रीसमध्ये म्हणजे अर्ज ग्रीसकडेच. प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी करता येतो, निदान १५ दिवस आधी करावाच लागतो, पण तुम्ही १५ दिवसांवर ठेवू नका. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वयाला ४५, सेंटरचा चार्ज वेगळा. इन्शुरन्स किमान ३०,००० युरो कव्हरचा. आणि हॉटेलच्या बिलात खोलीमागे दर रात्री एक सरकारी फी वेगळी घेतात, हॉटेलला जितके स्टार तितकी जास्त, ती बुकिंगच्या रकमेत नसते बहुतेक वेळा, काउंटरवर धक्का बसायला नको.

अथेन्सहून खान्याला विमान ५० मिनिटं. किंवा पिरेअसहून (अथेन्सचं बंदर) रात्रीची मोठी फेरी, केबिन घ्या, झोपा, सकाळी सूदा बंदर, तिथून खानिया ७ किमी. एक मुक्कामाचे पैसे वाचतात आणि लेकीला जहाजात झोपल्याचं कौतुक.

तिरपागडा

फेरीच्या केबिनला +१. आणि पाण्यात घालायचे रबरी बूट न्या, सगळे बीच वाळूचे नसतात, खडकांवर समुद्री साळू असतात, काटा रुतला तर... ती गोष्ट परत कधीतरी.

पोळीचा_लाडू

तर मंडळी, ठरलं. पिरेअसहून रात्रीची फेरी, मग नेआ होरात ४ रात्री, त्यात ३ दिवस गाडी (ऑटोमॅटिक, टायर-काच-तळासकट, कागद मी स्वतः वाचणार), एलाफोनीसी, कुर्नास, बोटीने बालोस, एक दिवस काहीच नाही. मग बसने हेराक्लिओन, आर्हानेसमध्ये ३ रात्री, क्नोसोस, म्युझियम, फेस्तोस. शेवटची रात्र अथेन्स. सँटोरिनी नवऱ्याने स्वतःच सोडलं, कारण निळं माकड. लेक रोज एक कागद घेऊन तबकडी वाचतेय, तिच्या मते त्यावर कुणाचा तरी गृहपाठ आहे.

काल आईला सगळं वाचून दाखवलं, भेंडीसकट, आणि विचारलं, आई, ठीक आहे ना, एवढं जमेल ना तुला?

म्हणाली, नै.

मी गप्पच. मग चष्म्यावरून बघत म्हणाली, अगं त्यांचं नै.

खादाडखाऊ

आई भारी आहेत. त्यांना बुरेकीत अंडं आहे का ते आधी विचारायला सांगा बरं का, विसरू नका.